दोन वाटांनी गेलेला बायोडाटा

५ जानेवारी, सोमवार

सांख्यांनी दुःखं तीन प्रकारची सांगितली. त्यांना कोऱ्या भिंतीपुढचा फोटो माहीत नव्हता, नाहीतर चौथा प्रकार आलाच असता. नोकरीच्या एजन्सीला माझा असा फोटो हवा आहे की ज्यात माझ्यामागे काहीही नसेल. काहीही नसणं ही अवस्था योग्यांनाही मुश्किलीने साधते. हिंगोलीतल्या दोन खोल्यांत ती कुठून आणू? एका भिंतीवर तीन कॅलेंडरं (दोन खतवाल्यांची, एक पतसंस्थेचं), दुसरीवर देव, तिसरीवर सासरे, चौथीला कपाट. शेवटी सौ.ने मागे चादर धरली. फोटोत माझ्या डोक्यावर तिची चार बोटं आली आहेत, आशीर्वाद दिल्यासारखी. तोच पाठवला.

पेपरने दिवाळीनंतर जिल्हा बातमीदार हे पदच काढून टाकलं. ते पद म्हणजे मी. तेव्हापासून हा उद्योग. वय बावन्न, शिक्षण संस्कृतात एम.ए., अनुभव जन्मभर बातम्यांचा. असल्या मालाला बाजारात काय भाव, ते आता पुण्याची एजन्सी सांगणार.

७ जाने.

एजन्सीच्या मुलीचा फोन. प्राजक्ता. आवाजावरून पंचविशीची. सर म्हणते आणि झापते, दोन्ही एका श्वासात.

"सर, बायोडाटा चार पानांचा आहे."

"आयुष्य पण बरंच लांबलंय."

"दोन पानं करा. आणि सर, यात मामांचं नाव आणि गाव कशाला?"

सांगितलं, आमच्याकडे माणूस मामावरून ओळखतात. शिवाय झेरॉक्सवाल्याकडे तेवढाच एक नमुना होता, लग्नाचा. रास आणि उंची मी स्वतः काढली, मामा राहून गेले. ती हसली नाही. टाइप करत असावी.

काम असं: पुण्याची एक कंपनी शाळेच्या पोरांसाठी मोबाइलवर धडे तयार करते. त्यांना मराठी मजकूर तपासणारा माणूस हवा. घरून काम. म्हणजे हिंगोली सोडायला नको. पगार पेपरपेक्षा बरा. (पेपरपेक्षा बरा नसलेला पगार शोधणं अवघडच.)

मग मुलीचा आवाज एकदम गंभीर. "सर, एक लक्षात ठेवा. मी तुमचं नाव दिलं की तुम्ही कंपनीला डायरेक्ट काही पाठवायचं नाही. कुणाच्या ओळखीनं पण नाही. एका माणसाचं नाव दोन वाटांनी गेलं ना, की कंपनी दोन्ही बाजूला ठेवते. कारण मग माणूस कुणी आणला यावर वाद होतो."

हो म्हटलं. त्यात अवघड काय आहे?

८ जाने.

दिवसभर बायोडाटा कापला. एक महापूर, दोन दुष्काळ, चार निवडणुका आणि मोंढ्यातल्या हळदबाजाराचं ते सगळं प्रकरण मिळून झालं काय, तर 'ग्रामीण वार्तांकन'. दोन शब्द. आमचे उपसंपादक माझ्या बातमीचं असं करत, तेव्हा मी त्यांना शिव्या देई.

मामा गेले. जुनी चार पानं कपाटावर टाकली.

९ जाने.

विलास आला होता. सौ.चा धाकटा भाऊ, शिरड शहापूरला शेती. मोंढ्यात हळदीचा भाव काढायला आला, तो इकडे डोकावला.

"दाजी, ही एजन्सी तुमच्याकून किती घेऊन राहिली?"

"काही नाही. माणूस लागला की कंपनी त्यांना देते."

"न्हाई बा. फुकटात कोण तकलीफ घेतंय? पैसे घेत न्हाई तर काम काहून करंल?"

समजावलं. पुन्हा समजावलं. त्याचं मत असं पडलं की जी एजन्सी उमेदवाराकडून पैसे घेत नाही ती खोटी, आणि घेते ती चोर. म्हणजे एजन्सी ही वस्तूच असंभव. असा पक्का पूर्वपक्ष मी एम.ए.ला न्याय शिकवणाऱ्या शास्त्रीबुवांच्या पाठातही ऐकला नव्हता.

"ते जाऊ द्या. कोणाचा तरी शब्द पडला पायजे. माझ्या साडूचा पुतण्या हाय पुण्यात. कंपनीचं नाव काय म्हणले?"

"म्हणलो नाही."

"अन् न्हाईच म्हणणार?"

"नाहीच."

त्याचं तरी काय चुकलं? इथे शेळी घ्यायची तरी दोन माणसांचा शब्द लागतो, एक घेणाऱ्याच्या बाजूचा, एक शेळीच्या. शाळेत शिपाई असो की पंपावर पोरगा, आधी शब्द जातो, मागून माणूस. शब्द न टाकता गेलेला माणूस म्हणजे ज्याला कोणीच नाही असा. प्राजक्ताची रीत आमच्या रीतीच्या बरोबर उलटी आहे. मी मात्र या वेळी तिच्या रीतीने चालणार. एकदा तरी.

सौ. चहा गाळत ऐकत होती.

१२ जाने., सोम.

प्राजक्ताने फोनवर मुलाखतीची तालीम घेतली.

"सर, तुमचा वीकनेस काय, असं विचारतील."

"आळस. आणि इंग्रजी."

"नाही सर! असा सांगायचा की तो गुणच वाटेल. म्हणजे, मी कामात फार बारकाईने बघतो, त्यामुळे कधीकधी वेळ लागतो."

म्हटलं, बाई, याला व्याजस्तुती म्हणतात. निंदेच्या आडून स्तुती. अलंकारशास्त्र शिकून इतकी वर्षं झाली, उपयोग आज कळला. ती म्हणाली, "सर, असलं काही तिथे बोलू नका, प्लीज."

आणखी उपदेश: जुन्या पेपरला नावं ठेवायची नाहीत. जुना पगार विचारला तर खरा सांगायचा, फुगवायचा नाही. दुसरीकडे कुठे बोलणं चालू असेल तर तिला आधी सांगायचं. पोरीचं बोलणं ऐकायला कडू, पण खोटं एकही नाही.

सौ. काल एस.टी.ने शिरडला जाऊन आली. भावाला तिळगूळ द्यायला म्हणे. संक्रांत बुधवारी आहे.

१४ जाने.

संक्रांत. गोड बोला. एजन्सीकडून काहीच बोलणं नाही, गोडही नाही. प्राजक्ताला दोनदा फोन केला, उचलला नाही. दुपारी हलत्या पतंगाचं चित्र पाठवलं तिने. मी नमस्काराचं पाठवलं. एवढाच पत्रव्यवहार.

वाट बघणं हे काम नाही, पण दमायला होतं तेवढंच.

१६ जाने.

नाव गेलं! कंपनीने सोमवारी मुलाखत ठेवली. प्राजक्ता: "सर, आता शांत राहा." इथून पुढे मौनव्रत. कोपऱ्यावरच्या चहावाल्याने "क्या साहब, कुछ जमा?" विचारलं, तर मी हवामानावर बोललो.

१९ जाने., सोम.

मुलाखत झाली, गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी. घरात नेटवर्क येत नाही. वर शर्ट, इस्त्री केलेला. खाली लेंगा. कॅमेऱ्याला खालचं दिसत नाही याबद्दल आधुनिक विज्ञानाचे आभार.

समोर तीन तरुण चेहरे. तिसरीच्या पुस्तकातला एक परिच्छेद दाखवला, चुका काढा म्हणाले. सात काढल्या. त्यांना पाचच माहीत होत्या. तेवढ्यात खाली भंगारवाला आला, भोंगा लावून. "टूटा फूटा, पुराना सामान..." तिघंही हसले. म्हटलं, मलाच बोलावतोय बहुतेक. आणखी हसले. मधली मुलगी म्हणाली, सर, तुमच्यासोबत काम करायला मजा येईल.

असं वाक्य मला कोणी म्हणून किती वर्षं झाली.

वीकनेस कोणी विचारलाच नाही.

२० जाने.

प्राजक्ता: "सर, फीडबॅक एकदम छान आहे! दोनतीन दिवस द्या." प्रथमच हसली.

सौ.ला सांगितलं. ती देवापुढे साखर ठेवून आली आणि म्हणाली, "माझं मन म्हणतच होतं." तिच्या मनाने मला हे आधी कळवलं असतं तर माझी झोप वाचली असती.

२२ जाने.

घात झाला.

प्राजक्ता: "सर, मी तुम्हाला स्पष्ट सांगितलं होतं."

"काय केलं मी?"

"तुमचं नाव कंपनीकडे आमच्या आधीच गेलेलं आहे. आतल्या एका मुलाने दिलंय. त्यांच्या एच.आर.ला आज सापडलं. आता ते म्हणतात, हा माणूस आमच्याकडे आधीच होता, एजन्सीचा काय संबंध? माझे साहेब म्हणतात, आम्ही आणला. सगळं थांबवलंय त्यांनी."

शपथेवर सांगितलं, मी पाठवलेला नाही.

"सर, तो चार पानांचा आहे. त्यात तुमच्या मामांचं नाव आहे."

ती चार पानं एजन्सी सोडली तर माझ्या घराबाहेर कुठेच गेलेली नाहीत. तिला मी खोटारडा वाटलो, आणि तिच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं.

२३ जाने.

विलास फोन उचलत नाही. तीनदा केला. चौथ्यांदा त्याच्या पोराने उचलला. "बाबा मळ्यात हायेत. रविवारी हुरड्याला या म्हणले, अन् आत्याला बी आणा."

चोराने मेजवानीचं आमंत्रण दिलं आहे. कपाटावर चढून बघितलं. जुनी पानं तिथेच आहेत. म्हणजे गेल्या खेपेला त्याने फोटो काढून नेले. सौ.ला म्हटलं, तुझ्या भावाने माझा संसार मोडला. ती म्हणाली, "जेवून घ्या आधी."

दिवसभर डोकं ठणकतंय. इतक्या वर्षांत एकदा सरळ वाटेने गेलो, तर आडवाट मागून धावत आली.

२५ जाने., रवि.

शिरड. सौ. आली नाही, गुडघे दुखतात म्हणाली. मी भांडणाची वाक्यं एस.टी.त पाठ करत गेलो.

मळ्यात आगटी पेटलेली. विलास कणसं चोळत बसलेला. हुरडा, लसणाची चटणी, दही. अशा जागी भांडणाला तोंड फुटत नाही, कारण ते भरलेलं असतं. तरी फोडलं. चोरटा म्हणालो, उपटसुंभ म्हणालो, आणखी दोन शब्द असे म्हणालो की जे कोशात सापडणार नाहीत.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "दाजी, बोला, तुमचा हक हाय. पण म्या मनानं न्हाई केलं."

"मग कोणी केलं? मामांनी?"

"अक्का आली होती ना, संक्रांतीच्या आधी. तिनंच आणले ते कागद, फोटो काढून झाल्यावर परत न्हेले. कंपनीचं नाव बी तिनंच सांगितलं."

मी हातातली दह्याची वाटी खाली ठेवली.

"लग्न झाल्यापसून अक्कानं ह्या घरी कधी काय मागितलं न्हाई. मळ्यातली भाजी बी न्हेत न्हाई, तुमाला ठावं हाय. अन् त्या दिवशी इथं बांधावर बसली अन् म्हणली, इलास, यांच्यासाठी कोणाकडं तरी शब्द टाक. आता म्या न्हाई म्हणू का तिला? तुमीच सांगा."

त्याने हुरडा पुढे केला, मी खाल्ला. निघताना त्याने दोन शेर हुरडा बांधून दिला. "अक्काला द्या. रागावू नका तिच्यावर. दाजी, ऐकून राहिले ना?"

घरी आलो. सौ.ने माझं तोंड बघितलं आणि हातातली पिशवी घेतली. हुरडा तिने तिथेच, उभ्यानेच, मूठभर खाल्ला.

२६ जाने.

झेंडावंदनाला गेलो नाही. बातमी द्यायची नसेल तर तिथे उभं कसं राहायचं ते मला माहीत नाही.

प्राजक्ताचा फोन, सुट्टी असूनही. पोरगी मनाने चांगली. साहेबांशी भांडून तिने एक वाट काढली आहे. मी मेल लिहून द्यायची: 'माझ्या संमतीशिवाय एका त्रयस्थ व्यक्तीने माझा बायोडाटा कंपनीकडे पोचवला. माझ्यातर्फे बोलण्याचा अधिकार फक्त या एजन्सीला आहे.' एवढं केलं तर कंपनी पुन्हा विचार करेल. नक्की नाही, पण करेल. उद्या सहापर्यंत.

विचारलं, त्रयस्थ व्यक्तीऐवजी 'घरातील व्यक्तीने' असं लिहिलं तर?

"सर, मग ते म्हणतील तुम्हीच पाठवला. घर म्हणजे तुम्हीच ना."

तर्क बिनतोड आहे. शास्त्रीबुवा खूश झाले असते.

"सर, कोण होतं ते मला सांगू नका. फक्त पाठवा."

२७ जाने., मंगळ.

सकाळपासून मेल लिहून ठेवली आहे. दोन ओळी. त्यातलं खोटं काही नाही. संमती नव्हतीच माझी. तरी 'त्रयस्थ' या शब्दापाशी बोट अडतं.

दुपारी सौ.ने स्वतःच विषय काढला. विलासने फोन करून सांगितलं असणार.

"त्या पोरीनं सांगितलेलं पाठवलं का?"

"बघतो."

"बघता काय? माझ्यामुळं अडलं असंल तर माझं नाव लिहा की. मला काय तिथं नोकरीला लागायचं हाय?"

म्हटलं, तुला विचारायचं होतं, तू माझ्याशी न बोलता गेलीस काहून?

ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमी न्हाई म्हणले असते." मग एक खडा बाजूला टाकून, "अन् तुमी त्या पोरीशी फोनवर हसू हसू बोलायचे, मग फोन ठेवला की तसेच बसून राहायचे. मला बघवंना."

मग सूप घेऊन आत गेली.

अजून सहा वाजलेले नाहीत. मेल पाठवेन बहुतेक. न पाठवून कोणाचं भलं होणार आहे? कंपनी हो म्हणेल किंवा नाही म्हणेल. प्राजक्ता म्हणते, दुसरीही कामं येतील, सर.

या कंपनीची मला भीती नाही. इतके दिवस इथे सगळ्यांची चेष्टा करून मी हे एवढं लिहायचं टाळलं: मला वाटतं, आता मला कोणी घेणार नाही. आणि हे सौ.ला माझ्या आधी कळलेलं आहे.