तुझ्या नळाचं पाणी

प्रिय ठकू,

तुझी बाटली मंगळवारी पोचली. मी विणलेल्या निळ्या लोकरी मोज्यात गुंडाळून पाठवलीस, त्यामुळे टपालवाल्याने कितीही आपटली असती तरी फुटली नसती. सांगितलं होतं तशी तू ती आधी त्याच पाण्याने विसळलीस, काठोकाठ भरलीस, हवेला जागा ठेवली नाहीस. मागच्या वेळी सरबताच्या बाटलीत पाठवलं होतंस, तेव्हा पाण्याला संत्र्याचा वास येत होता आणि आमची अख्खी प्रयोगशाळा हसली होती. या वेळी हसण्यासारखं काही नव्हतं. इतकी नीट भरलेली बाटली हातात घेतली आणि वाटलं, पोरगी खरंच घाबरलीय.

केस मुठीने गळताहेत, अंग कोरडं पडतंय, साबणाला फेस येत नाही, कपभर चहा केला तर त्यावर तवंग धरतो. कितीतरी दिवस फोनवर तू हेच सांगते आहेस. आणि मी, जन्म पाणी शुद्ध करायच्या केंद्रात घालवलेली बाई, दर वेळी म्हणते, "जड पाणी असेल गं, पाठव, बघते." आता बघून झालंय. निकाल सांगते, पण जरा माझ्या चालीने सांगू दे. पत्र लिहायला बसले की मला घाई जमत नाही, तुला ठाऊकच आहे.

इकडे सगळं तसंच. आपलं पाणी चुनखडीच्या डोंगरातून येतं आणि येताना थोडा डोंगर विरघळवून आणतं. गढूळपणा आम्ही तुरटीने खाली बसवतो, उरलेला वाळूत गाळतो, जंतूंसाठी क्लोरीन घालतो. विरघळलेला चुना मात्र वाळूतून सरळ निघून जातो. दिसायला पाणी काचेसारखं. किटलीत उकळलं की मग कळतं, आतून पांढरा थर धरतो. मी अजून आपली जुनी मोठी किटली वापरते. तळाशी माझं एक कप पाणी असतं, ते उकळताना बाकीची किटली उगाच खडखडते. रविवारी तिच्यात व्हिनेगर ओतून ठेवते, चुना फसफसत सुटतो. घरात तेवढाच आवाज. वरच्या मजल्यावरच्या वहिनी परवा म्हणाल्या, "किटली घासण्यात काय रविवार घालवता, माणसं बोलवा की चहाला." मी म्हटलं, "मग माणसांसाठी किटली स्वच्छ नको का? या ना तुम्हीच." त्या हसल्या. आल्या मात्र नाहीत.

तर तुझं पाणी. सगळे जेवायला गेले तेव्हा मी ते घेऊन बसले. चंचुपात्रात मोजून घेतलं, तो नाकात झोंबणारा अमोनियाचा द्राव घातला, रंगाची चिमूट टाकली. तुला आठवतं ना, पाण्यात चुना असला की ते वाईनसारखं लाल होतं, आणि वरच्या नळीतून थेंब थेंब सोडत गेलं की एका थेंबाला सगळं निळं होऊन जातं? शाळेला सुट्टी असली की तू उंच स्टुलावर बसून त्या एका थेंबाची वाट बघायचीस. मी नळी सोडायचे आणि तू ओरडायचीस, "निळंऽऽ! आई, थांब!" तुझ्या ओरडण्यावर मी आकडे वाचायचे. तू लग्न करून गेल्यावर बरेच दिवस माझा हात थेंबभर पुढेच जायचा.

खरं सांगू? परवा नळी सोडताना मी मनात म्हणत होते, देवा, चुन्याचा आकडा मोठा येऊ दे. चारशे येऊ दे, पाचशे येऊ दे. इतकी वर्षं लोकांना चांगलं पाणी मिळावं म्हणून राबले आणि स्वतःच्या लेकीच्या नळाला वाईट पाणी मागत होते. वाईट असतं तर औषध माझ्या हातात होतं. पाणी मऊ करायचं यंत्र घेऊन दिलं असतं, त्यात मीठ कधी घालायचं ते शिकवलं असतं, आणि फोन ठेवून शांत झोपले असते.

पाणी नीट लालसुद्धा झालं नाही. गुलाबीसर झालं आणि पाहता पाहता निळं पडलं. साठ. आपल्या घरच्या नळाला तीनशेच्या वर येतात. मी पुन्हा केलं, पुन्हा साठच. मग आमच्या थेंबोबांना करायला दिलं. त्यांना सगळे त्याच नावाने हाक मारतात, कारण ते थेंब मोजताना श्वासही घेत नाहीत. त्यांनी नळी खाली ठेवली आणि म्हणाले, "बाई, हे कुठलं पाणी? मी तिकडे बदली मागतो." मी म्हटलं, "एका ग्राहकाची तक्रार आहे." ते म्हणाले, "मग ग्राहकाचे लाड झालेत!" मी हसले, आणि उगाचच हात धुवायला गेले. लोह बघितलं, क्षार बघितले. क्लोरीन प्रवासात उडून जातं, म्हणून तुमच्या गावच्या केंद्रातल्या केमिस्टला फोन केला. ओळख ना पाळख, पण आमच्या जमातीत चालतं. तिथेही सगळं ठीक.

उरलेलं पाणी घरी आणलं. त्यात साबणाचा कीस टाकला आणि बाटली हलवली. फेस गळ्यापर्यंत चढला, ठकू. माझं जेवण झालं, भांडी झाली, तरी तो तिथेच होता. मी त्याच्यासमोर बसून राहिले. आपल्या चुन्याच्या पाण्याने न्हाऊन तुझे केस कमरेपर्यंत वाढले होते. वेणी घालताना माझे हात दुखायचे.

तुझ्या लहानपणी एक वर्ष माझेही केस असेच गळत होते. चहाला पत्र्याची चव यायची. मी घरच्या नळाचं पाणी रोज डब्याबरोबर प्रयोगशाळेत न्यायचे आणि रोज तपासायचे. रोज तेच तीनशे, कालच्यासारखे, परवासारखे. तुझे बाबा घर सोडून गेले ते वर्ष. शेजारीपाजारी, माहेरची माणसं, कामावरची माणसं, सगळ्यांना मी सांगायचे की पाणी बिघडलंय. सगळे म्हणायचे, हो, हल्ली पाणी फारच खराब येतं. कुणी दुसरं काही विचारलं नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर तू पुन्हा साबणाचंच सांगितलं असतंस आणि मीही ऐकून घेतलं असतं. जावईबापू पूर्वी तुझ्या मागून ओरडायचे, "आई, आमची पाणीपट्टी कधी माफ करताय?" तो आवाज मी कित्येक फोनांत ऐकलेला नाही. तू चहा एकच कप करतेस, हे तूच सांगतेस. तुझं पाणी चांगलं आहे, बाळा. अगदी चांगलं आहे. मग तुला काय झालंय, ते मी विचारते आहे. फोनवर सांगू नकोस. मी रजा टाकली आहे, रविवारी सकाळच्या गाडीने येते. घर आवरू नकोस, केसही बांधू नकोस, मी विंचरून देईन. बोलावंसं वाटलं नाही तर बोलू नकोस, पाण्याबद्दल बोललीस तरी चालेल. फक्त चहा ठेवशील तेव्हा दोन कपांचं पाणी ठेव.

तुझीच,
आई