मुख्याध्यापिकांचं शेपूट

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर पूर्वीइतकी वाकत नाही, तेव्हा उरलेला नमस्कार मनानं मानून घे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचं घोरणं शेजाऱ्यांपर्यंत पोचतं का अजून? मी खुशाल आहे, आणि हे पत्रापुरतं खुशाल नव्हे, खरोखर आहे.

भाऊजी दर भेटीत विचारतात, हा नक्की करतो तरी काय? त्यांना म्हणावं, काय करत नाही ते विचारा. साबणाच्या वेष्टणांवरची चित्रं मी काढली, नाटकांचे पडदे रंगवले, दवाखान्याच्या खुर्च्या आखल्या (त्या इतक्या आरामशीर झाल्या, की नंबर लागला तरी पेशंट उठेनात, डॉक्टरांनी बदलून घेतल्या). या सगळ्यातून जे शिकलो ते शेवटी पतंगात ओतलं. लोक याला धरसोड म्हणतात. मी म्हणतो, धरल्या-सोडल्याशिवाय पतंग उडतो का?

तर झालं असं. जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापिका निवृत्त होणार होत्या. त्यांना भिंतीवरचं घड्याळ द्यायचं जवळजवळ ठरलं होतं, पण चित्रकलेच्या मास्तरांनी माझं नाव काढलं, आणि बाईंच्या चेहऱ्याचा माणसाएवढा पतंग करायचं काम माझ्याकडे आलं. चेहरा मी असा उतरवला, की तो बघायला आलेले मास्तर चपला काढून दारातच उभे राहिले. अडलं ते शेपटावर. मी खाली चांगलं लांब शेपूट लावलं होतं, आणि ते पाहून शिक्षकांच्या समितीचे चेहरे उतरले. बाईंना शेपूट कसं लावायचं? एवढ्या मोठ्या पतंगाचा शेपटाशिवाय तोल राहत नाही, हे मी परोपरीनं सांगितलं. पण मान राखायचा म्हटल्यावर तोल कोण बघतो! शेपूट निघालं.

निरोपाच्या दिवशी मैदान भरलेलं, वाराही झकास. पतंग उठला, एक गिरकी घेतली, आणि बाईंचा तो चेहरा डोळे वटारून थेट शिक्षकांच्या रांगेवर आला. सगळी रांग एकदम उठून उभी राहिली. (सवय गं, दुसरं काय.) पुन्हा चढवला, तर गणिताच्या मास्तरांच्या मागे लागला. समितीचे अध्यक्ष माझ्याकडे असे बघत होते, जणू पतंग मी मुद्दाम सूडानं बनवलाय. मी मात्र शांत. दोष माझा नव्हता, शेपटाचा होता, म्हणजे नसलेल्या.

तेवढ्यात खऱ्या बाई व्यासपीठावरून खाली आल्या आणि काय बिघडलंय ते विचारू लागल्या. मी सरळ सांगून टाकलं. त्यांनी समितीकडे एकवार पाहिलं आणि म्हणाल्या, "मला शेपूट लावा."

समितीतलं कुणी हलेना. मग त्यांनीच व्यासपीठामागचा आपल्या गौरवाचा कापडी फलक उतरवला, 'शिस्तप्रिय'पासून 'आदरणीय'पर्यंत टराटरा फाडून पट्ट्या केल्या, मी गाठी मारल्या. आणि पतंग जो चढला! दोरा बाईंच्या हातात दिला तो त्यांनी सोडलाच नाही. अध्यक्षांचं भाषण राहून गेलं, त्याबद्दल बरेच जण मला अजून दुवा देतात. बाई उलट्या पावलांनी मागे सरकत मोठ्यानं हसत होत्या. सगळं मैदान वर बघत होतं. मी एकटाच वर बघत नव्हतो.

तेव्हापासून त्या रोज माझ्या कामाच्या खोलीवर येतात. बांबू माझ्यापेक्षा सरळ तासतात, माझ्या चहातली साखर काढून टाकतात, आणि माझ्या पतंगांना सरसकट चांगलं म्हणत नाहीत. एकंदरीत माझा धंदा कधी नव्हता इतका सुरळीत आहे.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार.

तुझा,
पतंग्या

ता. क. : रविवारी दोघंही या. बाईंना जेवायला बोलावलंय. आपल्या घरात तूच मोठी, तेव्हा लग्नाचं बोलणं तूच काढ.

ता. क. दुसरा : बाईंना यातलं अजून काही ठाऊक नाही. काल हिय्या करून विचारायला गेलो आणि "खळ जरा पातळ झालीय" एवढंच बोललो. त्यांनी ती आटवून घट्ट करून दिली आणि विचारलं, "आणखी काही?" मी नाही म्हणालो. ताई, शनिवारीच ये.