गाइडाबाहेरचं उत्तर

लातूर, मंगळवार, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. क्लासमधल्या सी प्रोग्रामिंगच्या चाचणीत गुणांचा ओळी-रकान्यांचा ॲरे चालू प्रोग्राममध्ये वाढवायचा होता. मी मेमरी वाढवून देणारं रिॲलॉक वापरून नवा पत्ता आधी वेगळ्या पॉइंटरमध्ये, म्हणजे पत्ता ठेवायच्या व्हेरिएबलमध्ये, घेतला. मेमरी मिळाली नाही, तर जुना पत्ता तरी हातात राहावा; आधीचे सगळे गुण तिथंच असतात. क्लासच्या सरांनी उत्तरावर लाल काट मारली.

"सर, चूक कुठं हाय?"

"गाइडात असं न्हाई."

"पण गाइडातलं उत्तर जुना पत्ताच पुसतंय!"

"लई शहाणी झालीस का?"

सगळी बॅच हसली. शेजारी बसलेली नसीमसुद्धा! तिला कालच हे समजावलं होतं ना मी?

मी उठून क्लासच्या संगणकावर दोन्ही प्रोग्राम चालवले आणि मिळणारच नाही एवढी मेमरी मागितली. गाइडातला कोसळला. माझ्या प्रोग्रामनं जुने गुण नीट छापले. हसणं थांबलं.

सर म्हणाले, "परीक्षेत मात्र गाइडातलंच लिही."

"न्हाई लिहिणार," मी म्हणाले आणि बाहेर पडले.

नसीम मागून पळत आली. "परत एकदा सांगशील?"

राग होताच. तरी सायकल हातात धरून तिच्या घरापर्यंत समजावत गेले.