कापडापलीकडची होडी

ऑकलंड, २८ जुलै १९९६

लुसेआनेस,
धाकटी म्हणून चि. लिहावं, तर आपल्यात मान बहिणीचा मोठा. तेव्हा अ. आ. आणि सा. न. दोन्ही घे.

नव्या गाण्याची चित्रफीत तयार आहे. गायकाचा चेहरा एकदाही नाही. झाडाची साल कुटून कापड करणाऱ्या बायकांचे नुसते हात, आणि शेवटी एक होडी, मध्ये कुठेही न कापलेलं एकच लांब दृश्य. कंपनीवाले म्हणतात, होडीपाशी लोक उठून जातील. ती कापली नाही तर पुढची गाणी दुसऱ्या दिग्दर्शकाला. एकोणीस ऑगस्टला उत्तर द्यायचंय.

तुला ठाऊक आहे, मी पडद्याकडे नाही, बघणाऱ्यांकडे बघून फीत कापतो. पण इथले लोक आता माझ्यासमोर मुद्दाम माना डोलावतात. तुला ते जमत नाही. मी येतोय. एकदाच माझ्यासोबत बसून बघ.

तुझा,
फिलिमोने

नुकुअलोफा, ५ ऑगस्ट १९९६

ती. फिलिमोनेस,
सा. न. वि. वि.

नाही. भावाबहिणीनं एका खोलीत बसून पडदा बघायचा नसतो. मोठा झाल्यावर तुला झोपायला अंगणातल्या खोपीत पाठवलं, तेही याचसाठी. आईला सांगितलं. ती म्हणाली, एवढी गाणी केली तरी टाळकं रिकामंच. लगेच म्हणाली, येताना गोमांसाचे डबे आणायला सांग, अळूच्या पानांत बांधून लू करते.

फीत पाठवलीस तर नेहमीसारखी प्रत्येक दृश्याची वेळ मोजून तक्ता देईन. तेवढ्यानं भागणार नसेल, तर एक उपाय आहे. पातळ चादरीवर चित्र दोन्ही बाजूंनी दिसतं, मागून उलटं. चर्चमागच्या मैदानात दोन माडांना ती बांधता येईल. मैदान म्हणजे खोली नव्हे. पाद्रीबाबांना विचारून घेतलंय. तू गावासोबत पुढे बस, मी मागे. रेडिओ केंद्रातून प्रोजेक्टर मिळेल.

आपली,
लुसेआने

ऑकलंड, १० ऑगस्ट १९९६

लुसेआनेस, मागचेच दोन्ही मायने.

बारा डबे घेतले. टाळकं रिकामं असलं तरी पेटी भरलेली आहे, असं आईला सांग. सतराला संध्याकाळी मैदानात. तुझा चेहरा दिसणार नाही, म्हणून जे होईल ते खरं लिही. तू म्हणालीस तर होडी कापीन.

फिलिमोने

आपलंच घर, १८ ऑगस्ट १९९६
(आईच्या हाती)

ती. फिलिमोनेस,
सा. न. वि. वि.

रविवारी काम करू नये. हे काम नाही, पत्र आहे.

तक्ता सोबत आहे. हातांचं तिसरं दृश्य दोन सेकंद लांबलंय, ते काप. मावशी सारखी ओरडत होती की ते डावीकडचे हात तिचेच, आणि तिला न विचारता घेतलेत. पुढून कोण उठलं ते तू पाहिलं असशील. मागे मी एकटीच होते.

होडी तुला उजवीकडे जाताना दिसली, मला डावीकडे. पण तुझ्या उजवीकडे आणि माझ्या डावीकडे समुद्रच होता, आणि ती तिकडेच गेली.

तक्त्यातला शेवटचा, होडीचा रकाना रिकामा आहे. घड्याळ हातात होतं. दाबायचं राहिलं. आजवर असं झालेलं नाही.

कंपनीला काय सांगायचं, ते उद्या तू ठरव. लोभ आहे, तो मोजलेला नाही.

आपली,
लुसेआने