आईचा काळा गोल

लीथ, ९ मार्च १९९८

प्रिय ऊना,

तुझं नाताळचं कार्ड मिळालं, उत्तराला उशीर झाला. माझा गुडघा आता बरा आहे. तुम्ही नवरा-बायको बरे असाल.

विद्यापीठाच्या संशोधनासाठी यंत्रात झोपवून तुझ्या मेंदूचं चित्र काढलं आणि फर्गसनं ते चौकटीत घालून भिंतीवर लावलं, असं तू दिमाखात लिहिलंयस. ‘तुलनेला आमच्यासारखी निरोगी घराण्यातली माणसं लागतात’, म्हणे.

गेल्या मंगळवारी त्याच यंत्रात मीही पडून आले. फक्त माझी रांग दुसरी, घरात स्किझोफ्रेनिया असलेल्यांची. रक्ताच्या नात्यात कुणाला हा आजार आहे का, असं अर्जात विचारतात. तू ‘नाही’ लिहिलंस. आई एकोणीस वर्षं इस्पितळात होती. दर रविवारी मला विचारायची, “ऊना खाली गाडीत थांबलीय का गं?”

नीलला चहा देताना मात्र तुला आई बरोबर आठवली. “आमच्या रक्तातच आहे ते, नीट विचार कर.” आमचं लग्न तीन आठवड्यांवर होतं, आणि त्यानं नीट विचार करून ते मोडलं. तेव्हा ते रक्त एकट्या माझंच होतं होय? मला अजून राग येतो, आणि तो जावा असं वाटतही नाही.

मंगळवारी यंत्रातून उठल्यावर तिथल्या डॉक्टर मकायबाईंनी आमच्या घराण्याचा तक्ता मांडला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, आजारी असेल तर तो काळा करायचा. आईचा गोल मीच भरला. त्याखाली तुझा काढायला लावला, नावासकट.

“ही तुमच्या निरोगी रांगेत बसलीय,” मी म्हटलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. “दुसऱ्या कुणाबद्दल मला बोलता येत नाही.”

“तुम्ही नका बोलू. मी बोलतेय ना.”

मग तुझ्याखाली तुझ्या लेकीचा, किर्स्टीचा गोल आला. नातेवाइकांना ते परस्पर लिहीत नाहीत, संशोधनात या म्हणून निमंत्रणं आपल्याच हाती देतात. ‘आपल्या जवळच्या नात्यात हा आजार असल्याने’ अशी त्यांची सुरुवात आहे. तुझं सोबत जोडलंय.

किर्स्टीचं जूनमध्ये लग्न. आजी छातीच्या दुखण्यानं गेली, एवढंच तू तिला सांगितलंस. तिचं पाकीट मी शनिवारी तिच्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकलं, आईचा फोटो घालून. आज सकाळी मिळालं असेल. पोरीच्या भल्यासाठी केलं, असं लिहिणार होते. पण खोटं कशाला लिहू? तुझ्यावर सूड म्हणूनच टाकलं.

तुझी सख्खी बहीण,
इशबेल