चूल एकच

अहो,

तुम्ही शिरूरच्या बाजाराला गेलात आन् बन्सी गवंडी मापं घ्यायला आला. बाहेरच्या भिंती ठेवून आतलं सगळं पाडायचं, तुमच्या दुसऱ्या लग्नाआधी उरकायचं, असं तो बोलून गेला. लग्नाचं मला त्याच्याकडूनच कळलं. "वैनी, चुली दोन घालायच्या का?" त्यानं विचारलं. मी म्हणाले, "एकच."

रडू यावं म्हणून थोडा वेळ बसले, पण आलं न्हाई. मग भांडी गोठ्यात हलवली. आईंना गोळी जेवल्यावरच द्या. केडगावला बायांना शिवण शिकवायला कुणीतरी पाहिजे हाय, तिकडंच राहीन. मशीन माझ्या माहेरचं, ते नेलंय.

नवी येईल तिला आधीचं घर कसं होतं ते सांगत बसू नका.

धुरपदा