चौथा चरण

प्रिय गणू,

आज सकाळी तुझी नात माझ्या ओट्यावर येऊन बसली आणि आपल्या पंतोजींचा तो श्लोक चारी चरण न अडखळता म्हणून गेली. कुणी शिकवला विचारलं, तर म्हणते, "आजोबांनी. मला निजवताना रोज म्हणायचे."

रोज? चारी चरण? लबाडा! तुला जाऊन वर्ष होत आलं, पण आता लिहिल्यावाचून राहवेना.

तो दिवस आठवतो ना? नवा अबकारी कायदा आला होता. झाडागणिक कर वाढला, आणि ताडी सगळी ठेकेदारालाच घालायची. घरच्या देवापुढे वाटीभरसुद्धा ठेवायची नाही. ताडी काढणाऱ्या तुम्ही भंडाऱ्यांनी ना दगड उचलला, ना शिवी दिली. कोयते पुसून खुंटीला टांगलेत. घोडबंदरच्या वाटेवरचे ताड नुसते वाऱ्यात सळसळत राहिले.

मग अबकारीच्या कारकुनाने तुला एकट्याला गाठलं. सर्वांदेखत चढून ताडी काढ, तुझी झाडं करातून सुटतील. आणि तू चक्क बरं म्हणालास! वहिनींनी तोंड फिरवलं. तू झाडाला नमस्कार केलास, सरसर चढलास आणि शेंड्याशी बसलास तो बसलासच. कमरेचा कोयता काही निघेना. खालून कारकून ओरडू लागला.

"चढ म्हनालात, चढलो. कापाया मन नाय म्हनतं."

काय हशा पिकला! वर तू श्लोक सुरू केलास, शाळेतल्यासारखाच बेसूर. 'मना साक्ष ठेवून वागे सदा जो' या तिसऱ्या चरणाशी येऊन थांबलास.

"मास्तर, फुडं काय रं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे. मी सरकारी शाळेतला मास्तर, कारकुनाच्या डोक्यावर माझीच छत्री धरून उभा! पुढचा चरण म्हणजे नोकरीवर पाणी. छत्री मिटली मी.

"तया राजदंडाहुनी सत्य मोठे!"

त्या हंगामात एकही मडकं झाडाला लागलं नाही. तुझा कोयता सरकारजमा झाला; दसऱ्याला तू रिकाम्या खुंटीलाच हळद वाहायचास. माझी बदली आंबिवलीच्या रानात झाली, आणि तिथल्या नदीवर मी किती लोभलो, ते तुला ठाऊकच आहे.

इतकी वर्षं मला वाटे, विसरभोळ्या मित्राला मी सावरलं. आणि तू मलाच हाक घालत होतास होय? सांगायचंस तरी!

असो. वचन देतो, तुझ्या नातीकडून श्लोक रोज म्हणवून घेईन. पण तीनच चरण. चौथ्याला थांबून कुणाला हाक घालायची, ते तिला शिकवीन.

तुझा, अजून ताडाखालीच उभा,
बाळू मास्तर